नंबर नसलेली बॅटरी

अन्याय झाला तो एका ड्रायव्हरवर. १९८६ साली, दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेआठ वाजता, घाटकोपरच्या आमच्या ट्रक डेपोच्या फाटकात. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. मी त्या डेपोत बुकिंग कारकून होतो आणि माझी खिडकी फाटकाकडेच उघडायची. मॅनेजरने हमाल, क्लीनर, चहावाला अशा सगळ्यांच्या देखत त्या ड्रायव्हरला थांबवलं आणि विचारलं, "नवी बॅटरी कुठे विकलीस?"

ड्रायव्हर मालवणकडचा. तरुणपणी गिरणीत होता, ती सुटल्यावर ट्रक धरला. पन्नाशीला आलेला, कमी बोलणारा. त्याला आधी प्रश्नच कळला नाही. त्याने विचारलं, "खंयची बॅटरी?"

"चोराला कळत नाही होय कुठली बॅटरी?" मॅनेजर म्हणाला आणि त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नकोस, असंही सांगितलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस डबा हातात घेऊन फाटकाबाहेर उभा राहिला आणि आत उभे असलेले आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो.

आता आरोप काय होता ते सांगतो. दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्याची गाडी सकाळी चालूच होईना. बॅटरी उतरलेली. भांडारातून नवी कोरी बॅटरी मिळाली. ती सहा दिवसांत मेली. मॅनेजरचं म्हणणं असं की नवी बॅटरी सहा दिवसांत मरत नाही, म्हणजे मेली ती नवी नव्हतीच. आमच्या भांडारपालाची पद्धत होती, बॅटरी देताना तिच्या काळ्या पेटीवर पांढऱ्या रंगाने गाडीचा नंबर घालायचा. या मेलेल्या बॅटरीवर नंबर नव्हता. झालं सिद्ध. नवी विकली, जुनी बसवली.

"आणि डायनामो?" असं मी मॅनेजरला त्याच सकाळी विचारलं होतं. तसा तो अल्टरनेटर, इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारा, पण डेपोत सगळे डायनामोच म्हणायचे.

"डायनामो ठणठणीत आहे. गाडी चालू झाली की डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो. म्हणजे चार्जिंग होतंय. तू बिलं लिही."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. युनियनची पत्रकं मीच लिहायचो. स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइलच्या शाईने हात काळे करायचे आणि शिफ्ट सुटताना फाटकात वाटायचं. अन्याय दिसला की माझ्या बोटांना खाज सुटायची. त्या मंगळवारी तर जेवणही गेलं नाही. बुधवारी दुपारी पत्रक तयार होतं, पिवळ्या कागदावर. मथळा: "खरा बॅटरीचोर भांडारात बसला आहे". ड्रायव्हरने बॅटरी बदलली नाही हे मला माहीत होतं. मग बदलली कोणी? ज्याच्या ताब्यात बॅटऱ्या असतात त्याने. भांडारपालाने जुनी बॅटरी नवी म्हणून दिली, नवी बाहेर काढली, आणि म्हणूनच तिच्यावर नंबर घातला नाही. हे मी इतक्या खात्रीने लिहिलं की लिहिताना मलाच ते डोळ्यांसमोर दिसत होतं. पत्रक घाटकोपरला वाटलं, मग बसने जाऊन मुलुंडच्या डेपोत वाटलं. भांडारपाल मुलुंडलाच राहायचा.

गुरुवारी संध्याकाळी ड्रायव्हरच्या घरी गेलो, घाटकोपरच्या टेकडीवर. पत्रक त्याच्यासमोर ठेवलं. त्याने सावकाश वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं.

"ह्या तू बघितलंस?"

"काय?"

"तेणां बॅटरी बदललली. बघितलंस?"

"बघायला कशाला पाहिजे? सरळ हिशेब आहे."

"मॅनेजराचोय हिशेब सरळच होतो," तो म्हणाला.

त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिचा भाऊ आमच्याच डेपोत हमाल होता. ती म्हणाली, दिवाळीला गावी जायचं ठरलंय, पण हे एक पाऊलही टाकायला तयार नाहीत, यांच्याआधी गावात तो शब्द पोचला असणार. ड्रायव्हर तिला गप्प बस म्हणाला नाही. माझ्याकडे बघून बोलला, "माका नोकरी नको असा नाय. पण फाटकार चोर म्हटल्यान, तर फाटकारच चोर नाय म्हणूक होया. आणि त्या भांडारवाल्याचा नाव माझ्यासाठी खराब करू नको. माका ता नको."

मला राग आला. याच्यासाठी मी धावतोय आणि हाच मला शिकवतोय. उतरताना त्याने मागून हाक मारून विचारलं, "आणि ता लायटीचा लिवलंस काय रे?"

लायटीचं म्हणजे काय ते मला चटकन आठवलं नाही. अर्ध्या उतारावर आठवलं आणि पाय थांबले. दसऱ्यानंतर, पहिली बॅटरी जाण्याआधी, तो माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला होता, "लायटी पिवळी पडतत रे. पुस्तकात लिव." गाड्यांच्या तक्रारींचं पुस्तक माझ्याकडे असायचं. मी तेव्हा कसल्या तरी पत्रकाचा मजकूर जुळवत होतो. हो हो म्हटलं आणि लिहिलं नाही.

मी वर परत गेलो नाही. तसाच चालत खाली आलो.

पुढचे तीन दिवस मी कुठे धड बसलो नाही. खिडकीशी बसलो की भांडाराकडे लक्ष जायचं. भांडारपाल बारीक अंगाचा, कानावर पेन्सिल, प्रत्येक नट मोजून देणारा. तो आता माझ्या खिडकीसमोरून जात नव्हता, मागून वळसा घालून जायचा. हमाल त्याला ऐकू जाईल असं एकमेकांना विचारायचे, "आज काय खपवलं?" मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. तसं वाटत नव्हतं.

गाडी मात्र चालूच होती. मंगळवारीच तिला आणखी एक नवी बॅटरी दिली होती, ठळक नंबर घालून, आणि बदली ड्रायव्हर दिला होता. तो ऑइलची पिंपं आणायला रोज माहुलला जायचा. सोमवारी सकाळी दहाला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. बदली ड्रायव्हर बोलत होता. गाडी माहुलच्या रस्त्यावर, रिफायनरीच्या भिंतीलगत बंद पडली आहे. स्टार्टर नुसता टक करतो.

मी मॅनेजरला निरोप दिला. मला वाटलं, आता तरी याची खात्री पटेल. तो म्हणाला, "म्हणजे टोळीच आहे तुमची." आणि भांडारपालाला हुकूम सोडला, तिसरी बॅटरी टेम्पोत घाल, स्वतः जा, स्वतः बसव, मेलेली स्वतः घेऊन ये, आणि नंबर तपास.

मी खिडकी बंद केली आणि कुणाला न विचारता बाहेर पडलो. अंधेरीची बस पकडून मरोळला उतरलो. तिथल्या गावठाणात एक म्हातारा इलेक्ट्रिशियन होता, जुन्या ख्रिश्चन वस्तीतला. वडिलांची भातशेती होती, ती गेल्यावर तो मोटारीच्या वायरिंगच्या कामाला लागला. क्रुसाच्या ओट्यामागे पत्र्याची शेड, शेडभर कोंबड्या. आमच्या मोर्चातल्या भोंग्याची बॅटरी तोच नीट करून द्यायचा. मी त्याला सगळं एका दमात सांगितलं. तो एका हॉर्नचं बूड उघडून बसला होता.

"मोजलं कोणी?" त्याने विचारलं.

"काय मोजायचं?"

"कायपण. कोणी काय मोजलं?"

"मोजलं नाही. पण तिसरी बॅटरी..."

"तीन बॅटऱ्या घातल्या, एक माणूस घालवला, आणि मोजलं कायच नाय." त्याने हॉर्न बाजूला ठेवला. "मॅन, तुमच्या डेपोत सगळे शिकलेले दिसतात."

आम्ही माहुलला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टेम्पो आधीच येऊन उभा होता. भांडारपाल तिसरी बॅटरी सावलीत ठेवून तिच्या शेजारी बसला होता, जणू ती कोणी पळवील. बदली ड्रायव्हर चहाला गेला होता. मला बघून भांडारपाल उठला.

"काय पुढारी, इथेही पत्रकं आणलीत?"

म्हाताऱ्याने आपली पिशवी उघडली. पहिल्यांदा डायनामोचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. "पट्टा ठीक." मग मेलेल्या बॅटरीची झाकणं उघडली आणि काचेच्या नळीने एकेका घरातलं ॲसिड खेचून नळीतला तरंगणारा काटा किती बुडतो ते बघत गेला. सहाही घरं बघून झाल्यावर म्हणाला, "ही खराब नाय. ही उपाशी आहे."

"नवी आहे ती. मी स्वतः दिलीय," भांडारपाल म्हणाला.

"नवीच आहे. खराब असती तर एखादं घर मेलेलं सापडलं असतं, बाकीची बरी. ही सहाच्या सहा सारखीच उतरलीत. म्हणजे खाणारे खातात, वाढणारा वाढत नाय."

"डायनामो चांगला आहे. लाल दिवा विझतो," भांडारपाल म्हणाला. मॅनेजरचंच वाक्य, पण डेपोत आम्ही सगळे हेच मानायचो.

"दिवा विझला म्हणजे डायनामो जागा झाला, एवढंच. त्याने केलेलं बॅटरीपर्यंत पोचलं काय, ते दिव्याला कुठून कळणार?"

तिसरी बॅटरी जोडली. भांडारपालाने आधी माझी सही घेतली, मगच हात लावू दिला. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. लाल दिवा विझला. म्हाताऱ्याने हेडलाइट लावायला सांगितले आणि मीटरच्या दोन तारा डायनामोला लावल्या, एक मागच्या जाड वायरीच्या टोकाला, दुसरी त्याच्या अंगाला. काटा चौदा व्होल्टच्या थोडा पुढे गेला.

"बघ. याचं काम चोख." मग त्याच तारा बॅटरीच्या दोन खांबांना लावल्या. काटा साडेबाराच्याही खाली राहिला.

"चौदा निघाले, बारा पोचले. मधले गेले कुठे?"

भांडारपाल पुढे सरकून मीटरवर वाकला. मीही वाकलो. आमची डोकी जवळजवळ लागली आणि दोघांनी ती मागे घेतली.

म्हाताऱ्याने एक तार डायनामोच्या जाड वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या अधिक खांबाला लावली. काटा हललाही नाही म्हणावं इतका हलला. "जाणारा रस्ता साफ. आता येणारा." एक तार बॅटरीच्या उणे खांबाला, दुसरी डायनामोच्या अंगाला. इथे काटा शून्यावर राहायला हवा होता. तो दोनच्या जवळ जाऊन थरथरत उभा राहिला.

"जायला वायर, यायला लोखंड," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "डायनामोचं अंग ब्रॅकेटला, ब्रॅकेट इंजिनाला, इंजिन चासीला, चासी बॅटरीला. हा परतीचा रस्ता. कुठेतरी बंद आहे."

त्याने पिशवीतून एक जाड तार काढली, एक टोक डायनामोच्या अंगावर दाबलं आणि दुसरं बॅटरीच्या उणे खांबावर. भिंतीवर पडलेला हेडलाइटचा पिवळट डाग एकदम पांढरा झाला. भर दुपारी दिसला. तार उचलली, पुन्हा पिवळा. ठेवली, पांढरा.

लायटी पिवळी पडतत रे. पुस्तकात लिव.

इंजिन बंद करून त्याने डायनामो ब्रॅकेटवरून सोडवला. ब्रॅकेट लालभडक होता. बोल्टाच्या वॉशरखाली लाल. अर्थिंगची वायर जिथे टेकते तिथे लाल. पट्टा ताणायच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना लाल. ऑइल पेंटचे दोन हात, गुळगुळीत, कडक वाळलेले. त्याने पान्याच्या टोकाने खरवडलं, रंगाची सालं निघाली आणि खाली चकचकीत लोखंड दिसलं.

"हा कोणाचा हात?" त्याने विचारलं.

खंडेनवमीला आमच्याकडे गाड्या धुऊन रंगवून पूजेला लावतात. दरवर्षी नुसती बॉडी रंगवायचे. त्या वर्षी मुलुंड डेपोच्या पोरांनी पैज लावली, कोणाची गाडी जास्त चमकते ती. आमच्या युनियनने ठरवलं की बॉनेट उघडून दाखवायचं, इंजिनसुद्धा चमकलं पाहिजे. ड्रायव्हरने आपली गाडी पुढे केली. त्याने डायनामो काढून दिला, मी बादलीभर डिझेलने ब्रॅकेट धुतला आणि दोन दिवस त्याच्यावर ब्रश फिरवत बसलो. लाल रंग मीच निवडला होता. मुलुंडवाले बघतच राहिले. हार घातला, नारळ फोडला, त्याच रंगावर डायनामो कसला आणि घरी गेलो.

"मी," मी म्हटलं.

भांडारपालाने ब्रॅकेट हातात घेऊन उलटसुलट फिरवून बघितला. "छान रंगवलंस रे," तो म्हणाला. "एक ठिपकासुद्धा सोडला नाहीस."

म्हातारा आपल्या कामाला लागला होता. जिथे लोखंड लोखंडाला लागतं ती प्रत्येक जागा पांढरी होईपर्यंत घासली, डायनामो परत कसला. आता मीटर बॅटरीवर चौदाला पोचला. सगळे आकडे त्याने माझ्याच वहीच्या कागदावर लिहिले. मग त्याची सवय म्हणून, टेम्पोत चढवायच्या आधी मेलेली बॅटरी त्याने सोड्याच्या पाण्याने पुसायला घेतली. तिच्या डोक्यावर ॲसिडची पांढरी बुरशी चढली होती. फडकं कडेवरून फिरलं आणि भांडारपाल ओरडला, "थांबा."

पेटीवरचा नंबर अर्धा गेला होता. फडक्यावर पांढरा डाग.

भांडारपालाने म्हाताऱ्याच्या हातून फडकं घेतलं. मग हळू आवाजात मला म्हणाला, "तो तुमचा ड्रायव्हर बॅटरी धुतो?"

"दर रविवारी. सोड्याने."

"बाकीचे कोणी धुवत नाहीत," तो म्हणाला. "म्हणून बाकीच्यांचे नंबर राहतात."

त्याने फडकं पिळलं, घडी केली आणि खिशात घातलं.

मॅनेजरच्या केबिनमध्ये त्याच संध्याकाळी मी तोंड उघडायच्या आत भांडारपाल बोलला. आकड्यांचा कागद ठेवला. फडकं ठेवलं. मग भांडारातली एक बॅटरी मागवून मॅनेजरच्या टेबलासमोर स्वतःच्या हाताने घातलेला नंबर स्वतःच सोड्याने पुसून दाखवला. "माझा रंग टिकत नाही, साहेब. चूक भांडाराची आहे. माणूस चोर नाही." ब्रॅकेटवरच्या लाल रंगाचा दोष माझा होता हेही मी सांगितलं. मॅनेजरने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग धुताना विचारून धुवायचं."

दिवाळीच्या दोन दिवस आधी ड्रायव्हरला पत्र मिळालं. "पुराव्याअभावी चौकशी बंद करण्यात येत असून सक्त ताकीद देऊन कामावर घेण्यात येत आहे." पुरावा नव्हता, असं नव्हे, पुरावा उलट बाजूचा होता, आणि तो टेबलावर वाळत पडला होता. ताकीद कसली, तेही लिहिलं नव्हतं. ड्रायव्हरने पत्र वाचलं, फाटकात उभं राहून मॅनेजरची वाट पाहिली आणि तो आल्यावर पायाखालच्या जागेकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, "हंयसर म्हटलास, हंयसरच सांगा." मॅनेजर स्कूटरवरून उतरला नाही. आत निघून गेला. ड्रायव्हरने गाडी काढली. दिवाळीला तो गावी गेला नाही. त्यानंतर शिमग्यालाही गेला नाही.

मॅनेजरबद्दल मी पत्रक लिहिलं, ते युनियनने छापलं. दुसरंही लिहिलं होतं, भांडारपाल चोर नाही, मी न बघता लिहिलं, असं. युनियनच्या ऑफिसात ते वाचून मला परत दिलं. "आपलीच चूक आपण छापायची? मॅनेजमेंटला हत्यार देतोस काय?" मी वाद घातला, मग गप्प बसलो. ही दुसरी चूक, आणि तिला रंगाचं निमित्त नाही. मॅनेजरने माफी मागितली नाही म्हणून मी गळा काढत होतो, आणि मी स्वतः काय वेगळं केलं? भांडारपालाने त्या वर्षअखेरीस बदली मागून घेतली. जाताना त्याने माझ्याकडून काहीच मागितलं नाही. मुलुंडला त्याला अजून 'बॅटरीचोर' म्हणून हाक मारतात, असं ऐकतो. दोन वर्षं झाली.

ज्यांनी घाटकोपरच्या आणि मुलुंडच्या फाटकात माझ्या हातून ते पिवळं पत्रक घेतलंत, त्यांना हे सांगतोय. तुम्ही ते वाचून खिशात ठेवलं नाहीत, कुणाला तरी सांगितलंत, कारण मी ते सांगण्यासारखं लिहिलं होतं. ज्याला सांगितलंत तो माणूस तुम्हाला आठवत असेल. उद्या कामावर जाण्याआधी त्याच्याकडे जा आणि त्याला तोंडावर सांगा की भांडारपालाने बॅटरी चोरली नव्हती, ड्रायव्हरनेही नव्हती. आणि तो विचारेल, हे तू बघितलंस का, तर माझं नाव सांगा, त्याला माझ्याकडे पाठवा. ब्रॅकेटवरून निघालेली लाल सालं मी ठेवली आहेत. ती मी त्याला दाखवीन.